रशियनचा दुसरा टप्पा : सहा महिन्यांच्या नोंदी

८ जानेवारी

रशियन वर्णमालेची ३३ अक्षरे, सहा विभक्त्यांची तोंडओळख, वर्तमान आणि भूतकाळ, आणि सुमारे सहाशे शब्द एवढे गाठीशी असूनही गेल्या चार महिन्यांत मी एक पाऊलही पुढे गेलेलो नाही. सोपा उतारा वाचला तर अर्थ लागतो. परंतु स्वतःहून तीन वाक्ये बोलायची वेळ आली की पहिल्याच वाक्यात विभक्ती चुकते, दुसऱ्यात क्रियापद सापडत नाही आणि तिसरे वाक्य बोलायचे राहूनच जाते. म्हणून आजपासून रीतसर नोंदी ठेवायचे ठरवले आहे. याच टप्प्यावर अडकलेल्या दुसऱ्या कोणाला त्यांचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे.

परदेशी शिकणाऱ्यांसाठी रशियन भाषेची जी प्रमाण परीक्षा आहे, तिच्या सहा पायऱ्यांपैकी पहिलीसाठी किमान ७८० शब्द आणि दुसरीसाठी १३०० शब्द धरलेले आहेत. मला परीक्षा द्यायची नाही, पण मोजपट्टी म्हणून हा १३०० चा आकडा सोयीचा आहे. आठवड्यातले सहा दिवस रोज एक तास, आणि एकदा दूरस्थ पद्धतीने शिक्षिकेशी पाऊण तास संभाषण, असा बेत आहे. या नोंदींत रशियन शब्द देवनागरीत लिहिले आहेत ते केवळ वाचणाऱ्याच्या सोयीसाठी; ते उच्चाराच्या जवळपास जातात, पण तंतोतंत नाहीत. वहीत मात्र असे करू नये. ते का, हे पुढच्याच नोंदीत आहे.

१९ जानेवारी

जुनी वही उघडली आणि अडचणीचे मूळ पहिल्याच पानावर सापडले. गेल्या वर्षी मी प्रत्येक शब्द देवनागरीत लिहून पाठ केला होता. आपली लिपी उच्चारानुसारी असल्यामुळे ती कोणतीही भाषा पेलेल अशी माझी समजूत होती. शिक्षिकेने पंधरा शब्द लिहून घेतले, त्यांतले नऊ चुकले. 'मलाको' म्हणजे दूध, हा शब्द मी ऐकला तसाच लिहिला. प्रत्यक्षात त्यात तिन्ही ठिकाणी 'ओ' हे अक्षर आहे आणि आघात शेवटच्या 'ओ'वर असल्यामुळे आधीचे दोन्ही 'ओ' 'अ'कडे झुकतात. त्याहून मोठा घोटाळा व्यंजनांचा झाला. 'ऊगल' म्हणजे कोपरा आणि 'ऊगल्य' म्हणजे कोळसा, यांत फरक फक्त शेवटच्या 'ल'च्या जातीचा आहे. माझ्या वहीत दोन्ही शब्द एकसारखे लिहिलेले होते.

या व्यंजनभेदाला पुस्तकांत 'कठोर' आणि 'मृदू' म्हणतात, आणि मराठी माणसाने येथे सावध राहावे. आपल्या शालेय व्याकरणात कठोर म्हणजे क, च, ट, त, प आणि मृदू म्हणजे ग, ज, ड, द, ब. रशियनमधल्या भेदाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. तेथे जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो की नाही एवढाच प्रश्न असतो. मी ही शालेय व्याख्या मनात धरून बसलो होतो, त्यामुळे तो धडा मला कधी कळलाच नव्हता. आता मी वहीत 'तालव्य' आणि 'अतालव्य' असे शब्द वापरतो.

सहाशे शब्द रशियन लिपीत नव्याने लिहून काढायला नऊ दिवस लागले. एकूण अकरा तास. हातवळणाची लिपी छापील लिपीपेक्षा बरीच निराळी असते, तीही याच निमित्ताने गिरवून झाली.

२ फेब्रुवारी

हे दोन आठवडे केवळ उच्चारांना दिले. मी रशियन शब्द इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांतून शिकलो असल्यामुळे 'त' आणि 'द' यांच्या जागी नकळत 'ट' आणि 'ड' म्हणत होतो. रशियन 'त' दंत्य आहे, आपला आहे तसाच. तो वेगळा शिकण्याची मला गरजच नव्हती. तीच गोष्ट 'चमचा'मधल्या 'च'ची आणि 'चहा'मधल्या 'च'ची. रशियनमध्ये या दोन ध्वनींसाठी दोन स्वतंत्र अक्षरे आहेत आणि मराठी माणसाच्या तोंडात दोन्ही ध्वनी लहानपणापासून बसलेले आहेत.

जे आपल्याकडे नाही ते मात्र खरोखरच नाही. अतालव्य 'ल'साठी मी 'ळ' वापरून पाहिला. शिक्षिकेने तो लगेच थांबवला. 'ळ'साठी जिभेचे टोक मागे वळते. येथे टोक दातांशी राहते आणि जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो. जीभ मागे ओढून म्हणायच्या 'इ'चा स्वर असाच अवघड आहे. तो 'उई' असा जोडस्वर म्हणून चालत नाही, आणि साधा 'इ' म्हटला तर 'होता' या अर्थाचा शब्द 'मारत होता' असा ऐकू जातो. रोज दहा मिनिटे आरशासमोर बसून अशा जोड्या म्हणतो आहे. स्वर अजून दहांपैकी सहाच वेळा नीट येतो.

११ फेब्रुवारी

शब्दांच्या कार्डांचे अ‍ॅप बंद केले. तेथे साडेचारशे कार्डे जमली होती आणि रोजची उजळणी चाळीस मिनिटे खात होती, म्हणजे बोलण्या-लिहिण्यासाठी तासातली वीसच मिनिटे उरत. दोष माझ्या कार्डांत होता : एका बाजूला सुटा रशियन शब्द, दुसऱ्या बाजूला सुटा अर्थ, आणि आघाताची खूण कोठेच नाही. रशियनमध्ये आघात कोणत्याही अक्षरावर पडू शकतो आणि तो छापत नाहीत. 'ज़ामक' असा पहिल्या अक्षरावर जोर दिला तर किल्ला, 'ज़मोक' असा दुसऱ्यावर दिला तर कुलूप. लिहिताना दोन्ही शब्द सारखेच. क्रियापदात तर एकाच काळात आघात जागा बदलतो : 'मी लिहितो' म्हणताना तो 'पिशू'च्या शेवटी आहे आणि 'तू लिहितोस' म्हणताना 'पीशिश'च्या सुरुवातीला.

नवी कार्डे हाताने करतो आहे. प्रत्येकावर एक पूर्ण वाक्य, आघात लाल पेन्सिलने, आणि क्रियापद असेल तर त्याला कोणती विभक्ती लागते तेही. दिवसाला आठच होतात.

२५ फेब्रुवारी

आजची नोंद लांबणार आहे, कारण आतापर्यंतची सर्वांत उपयोगी गोष्ट मला वाटते की याच आठवड्यात हाती लागली.

'मी पेनाने लिहितो' हे वाक्य मी सतत चुकवत होतो. 'पेन' या शब्दाआधी मी 'स' हे शब्दयोगी अव्यय लावत असे आणि शिक्षिका दर वेळी ते खोडत असे. तिने मला विचारले की तुमच्या भाषेत हे कसे म्हणतात. मी 'पेनाने' आणि 'मित्राबरोबर' अशी दोन रूपे सांगितली, आणि सांगता सांगताच उत्तर समोर आले. जेथे मराठीत 'ने' आहे तेथे रशियनमध्ये नुसती तृतीया : 'रूचकय'. जेथे 'बरोबर' आहे तेथे 'स' आणि तृतीया : 'स द्रूगम'. इंग्रजीत या दोन्हींसाठी एकच शब्द आहे, म्हणून इंग्रजीतून शिकताना मी दोन्हींना एकच रूप देत होतो. मराठीत विचार केला असता तर ही चूक झालीच नसती.

त्यानंतर चार दिवस मी जुने सगळे धडे मराठीतून पुन्हा तपासले. 'माझ्याकडे आहे' याला रशियनमध्ये 'उ मिन्या येस्त्य' म्हणतात, शब्दशः आपल्यासारखेच. 'तो आपले पुस्तक वाचतो' आणि 'तो त्याचे पुस्तक वाचतो' यांतला आपण पाळतो तोच भेद रशियन माणूस 'स्वयू' आणि 'यिवो' यांनी पाळतो. 'मला थंडी वाजते', 'मला पुस्तक आवडते', 'मला जायला हवे' या सर्वांत आपला 'मला' तेथे 'म्न्ये' म्हणून चतुर्थीत येतो. इतकेच नव्हे, तर 'पुस्तक आवडते' आणि 'पुस्तके आवडतात' हा वचनभेदसुद्धा तसाच आहे, 'न्रावित्सा' आणि 'न्राव्यत्सा'. माझ्या पुस्तकात या रचनेला 'उलटी रचना' म्हटले होते आणि मी वर्षभर ती उलटी समजूनच पाठ करत होतो. मराठी माणसासाठी ती सुलटी आहे.

विभक्त्यांची नावेही मी बदलली. प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, षष्ठी आणि सप्तमीच्या जवळची सहावी. पंचमीचे काम तेथे षष्ठीच करते : 'शहरातून' म्हणताना शहर षष्ठीत जाते. ही नावे घेतली की निम्मा अर्थ आपोआप आठवतो.

६ मार्च

मागची नोंद वाचून कोणी मराठीवर पूर्ण भरवसा ठेवू नये, म्हणून आठवड्याभरातल्या चुकांची ही नोंद लगेच करतो.

'मला माहीत आहे' याचे मी 'म्न्ये ज़्नायु' केले. चूक. तेथे जाणणारा कर्ता आहे आणि तो प्रथमेतच येतो : 'या ज़्नायु'. तसेच 'मला आठवते' म्हणजे 'या पोम्न्यु' आणि 'मला पोहता येते' म्हणजे 'मी जाणतो' अशा घडणीचेच वाक्य. 'मला' दिसला की 'म्न्ये', हा माझा नियम तीन दिवसही टिकला नाही. आता वहीच्या एका पानावर दोन रकाने आहेत : एकात जुळणारे 'मला', दुसऱ्यात न जुळणारे. आजपर्यंत अकरा आणि चौदा.

दुसरी चूक अधिक खोल होती आणि ती माझ्या लक्षातही येत नव्हती. मी पुरुष आहे, तरी 'मी पुस्तक वाचले' याचे रशियन मी 'या प्रचिताला क्नीगु' असे स्त्रीलिंगी क्रियापदाने करत होतो. शिक्षिकेला याचे कारण उमगेना. कारण आपल्या कर्मणी प्रयोगात आहे. मराठीत 'मी गोष्ट वाचली', 'मी ग्रंथ वाचला' असे क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. रशियनमध्ये 'क्नीगा' स्त्रीलिंगी, म्हणून माझे क्रियापद तिच्यामागे जात होते. रशियन भूतकाळात लिंग असते, पण ते नेहमी कर्त्याचे. ही सवय मोडण्यासाठी रोज वीस वाक्ये लिहिली, प्रत्येकात स्त्रीलिंगी कर्म आणि पुल्लिंगी कर्ता. बारा दिवस लागतील असा अंदाज आहे.

१६ मार्च

चौदा दिवस म्हणायला हवे होते. चूक अजून अधूनमधून होते.

द्वितीयेचा धडा मात्र एका बैठकीत संपला. पुल्लिंगी नाम निर्जीव असेल तर द्वितीयेत बदलत नाही, सजीव असेल तर षष्ठीसारखे होते. 'मी टेबल पाहिले' आणि 'मी भावाला पाहिले' : आपणही कर्म सजीव असेल तरच सहसा 'ला' लावतो.

२ एप्रिल

संख्यांवर सतरा दिवस गेले. एकाबरोबर 'गोत' (वर्ष) हे एकवचन, दोन ते चारबरोबर षष्ठीचे एकवचन 'गोदा', पाचपासून पुढे षष्ठीचे अनेकवचन, आणि त्यासाठी शब्दच वेगळा, 'ल्येत'. अकरा ते चौदा या संख्यांना 'ल्येत'च लागते, पण २१ ला पुन्हा 'गोत' आणि २२ ला 'गोदा'. शिवाय 'दोन' हा शब्द स्वतः लिंगानुसार बदलतो, पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामाला 'द्वा', स्त्रीलिंगी नामाला 'द्व्ये'. मराठीचा येथे काहीच आधार नाही.

पहिल्या आठवड्यात मी नियमांचा तक्ता भिंतीवर लावून पाठ केला. बोलताना तक्ता आठवायला चार सेकंद लागत आणि तोपर्यंत वाक्य विस्कटलेले असे. मग तक्ता काढून टाकला आणि एक ते तीस हे आकडे 'वर्ष', 'तास' आणि 'रूबल' या तीन शब्दांसह रोज मोठ्याने म्हणू लागलो. पाढ्यांसारखे. दहाव्या दिवसानंतर कान स्वतःच चूक पकडू लागला. लहानपणी पाढे म्हणून घेतले जात त्यामागचा विचार मला येथे नव्याने पटला.

१४ एप्रिल

हे दोन आठवडे बहुतांशी वाया गेले, आणि ते का गेले हे लिहायलाच हवे. दार म्हणजे 'द्व्येर्य' आणि संस्कृत 'द्वार', आग म्हणजे 'अगोन्य' आणि 'अग्नि', मध म्हणजे 'म्योत' आणि 'मधु', विधवा म्हणजे 'व्दवा', आकाश म्हणजे 'न्येबा' आणि 'नभस्'. दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुटुंबातल्या आहेत, आणि असे शब्द भेटले की मन हरखून जाते. मी रोजचा तास अशा याद्या करण्यात घालवला; शंभरावर जोड्या जमल्या. त्यातून एकही वाक्य बोलता आले नाही. यांतले बरेच शब्द मला आधीच येत होते, आणि साधर्म्य कळल्याने त्यांची विभक्ती किंवा आघात कळत नाही. उलट 'क्नीगा' स्त्रीलिंगी आणि आपले पुस्तक नपुंसकलिंगी, 'दोम' पुल्लिंगी आणि आपले घर नपुंसकलिंगी, असे लिंग जागोजागी बदलते. ते शब्दाच्या शेवटावरून ओळखायचे असते. व्यंजनान्त पुल्लिंगी, 'आ'कारान्त स्त्रीलिंगी, 'ओ'कारान्त नपुंसकलिंगी ही वाट बहुतेक वेळा बरोबर नेते. यादी मी ठेवली आहे, कारण ती मला प्रिय आहे. पण आता ती अभ्यासाच्या तासात उघडत नाही.

१९ मे

क्रियापदाच्या जोडीवर पाच आठवडे. येथे मला सर्वांत अधिक झगडावे लागले.

जवळजवळ प्रत्येक क्रियेसाठी रशियनमध्ये दोन क्रियापदे असतात. एक क्रिया चालू किंवा वारंवार होणारी दाखवते, दुसरे ती पूर्णत्वाला गेलेली दाखवते. 'चितात्य' आणि 'प्रचितात्य', दोन्ही वाचणे. कधी जोडीतले दोन शब्द एकमेकांसारखे दिसतही नाहीत : 'गवरीत्य' आणि 'स्कज़ात्य', बोलणे आणि सांगणे. मी आधी सव्वाशे जोड्या पाठ केल्या, पण वाक्यात कोणते रूप घ्यायचे ते ठरवता येईना. चाचणीसाठी लिहिलेल्या चाळीस वाक्यांपैकी तेवीस चुकली, म्हणजे नाणे उडवून रूप निवडले असते तरी निकाल याहून वाईट लागला नसता.

मग पुन्हा मराठीकडे वळलो. 'मी दोन तास वाचत होतो' आणि 'मी ते दोन तासांत वाचून काढले' : पहिल्याला 'चिताल', दुसऱ्याला 'प्रचिताल'. 'वाचून काढणे', 'लिहून टाकणे', 'सांगून ठेवणे' ही आपली संयुक्त क्रियापदे पूर्ण रूपाच्या फार जवळ आहेत. पूर्ण रूपाला वर्तमानकाळ नसतो, त्याची वर्तमानासारखी दिसणारी रूपे भविष्यकाळ दाखवतात, हा नियम मला पुस्तकात कधीच पटला नव्हता. 'लिहून टाकतो' म्हणून पाहिले तेव्हा पटला : रूप वर्तमानाचे, पण काम अजून व्हायचे आहे. तोपर्यंत मी 'मी आत्ता लिहितो आहे' या अर्थी 'नपिशू' म्हणत होतो, ज्याचा अर्थ 'लिहून टाकीन' असा होतो. त्याच गोंधळातून भविष्याचे सहायक 'बूदु' पूर्ण क्रियापदाला जोडण्याची चूकही होत होती. 'बूदु' फक्त अपूर्ण रूपाबरोबरच येते.

जेथे मराठी फसवते ती ठिकाणे तीन सापडली. 'तुम्ही हे पुस्तक वाचले आहे का?' हे मी शिक्षिकेला पूर्ण रूपात विचारले. तिने विचारले, मी ते वाचून संपवायचे असे आपले ठरले होते का? अनुभव आहे की नाही एवढेच विचारायचे असेल, तर वाचन संपलेले असले तरी अपूर्ण रूप लागते. दुसरे ठिकाण नकारार्थी आज्ञा. 'दार उघडा' यात पूर्ण रूप, 'दार उघडू नका' यात सामान्यतः अपूर्ण. तिसरे सोपे, पण हमखास विसरायला होणारे : 'सुरू केले' आणि 'संपवले' यांच्यामागून येणारे क्रियापद नेहमी अपूर्ण.

जोड्यांची पाठांतरे थांबवली. त्याऐवजी रोज एका लहान उताऱ्यातले प्रत्येक क्रियापद अधोरेखित करून ते रूप का आले, याचे कारण समासात मराठीत लिहितो. एका पानाला पन्नास मिनिटे लागतात. नव्या चाचणीत चाळीसपैकी अकरा चुकली.

१ जून

ऐकण्याकडे फार उशिरा वळलो. हे फेब्रुवारीतच सुरू करायला हवे होते. नव्वद सेकंदांचे ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवून काढायला दोन तास दहा मिनिटे लागली. उतरवता न आलेले बहुतेक शब्द मला कागदावर येत होते. अडचण अशी, की शब्दयोगी अव्यय पुढच्या शब्दाला चिकटते आणि ध्वनी बदलतो. 'शाळेत' हे 'व' आणि 'श्कोल्ये' असे दोन शब्द मी शोधत होतो, बोलणारा म्हणत होता 'फ्श्कोल्ये'. फेब्रुवारीत मोठ्या आनंदाने शिकलेले 'स द्रूगम' प्रत्यक्षात 'ज़्द्रूगम' ऐकू येते. 'आज' लिहिताना मध्ये 'ग' असतो, पण उच्चार 'सिवोद्न्या'. 'आत्ता' या अर्थाचा 'सिय्चास' घाईत 'श्चास' एवढाच उरतो.

रोज तीस सेकंदच घेतो. आधी ऐकून लिहायचे, मग लिखित मजकुराशी ताडून पाहायचे, मग बोलणाऱ्याबरोबर तसेच म्हणायचे.

१५ जून

जाण्याची क्रियापदे. पायी जाणे वेगळे आणि वाहनाने जाणे वेगळे. हा भेद आपल्या 'जाणे'त नाही आणि तो केवळ सरावानेच येतो. मी मॉस्कोला जाण्याबद्दल पायी जाण्याचे क्रियापद वापरले होते. याउलट 'मी जात होतो' आणि 'मी जाऊन आलो' यांतला भेद नेमका मिळतो : पहिल्याला 'शोल', दुसऱ्याला 'खदील'. हे एक वाक्य पुस्तकात पहिल्या पानावर असते, तर माझे चार दिवस वाचले असते. उपसर्गांचे पाहिले तर 'आगमन' आणि 'निर्गमन' आपण रोज वाचतोच. 'प्रि' येण्याचा, 'उ' निघून जाण्याचा, 'वी' बाहेर पडण्याचा.

३० जून

जानेवारीत 'माझा कालचा दिवस' या विषयावर पाच मिनिटे बोलून ते मुद्रित करून ठेवले होते. आज त्याच विषयावर पुन्हा बोललो आणि दोन्ही मुद्रणे शिक्षिकेबरोबर बसून तपासली. तेव्हा बावीस वाक्यांत एक्केचाळीस चुका होत्या. आज अडतीस वाक्यांत एकोणतीस. त्यांतल्या बारा क्रियापदाच्या जोडीच्या, सात आघाताच्या, पाच संख्यांच्या, उरलेल्या पाच किरकोळ. कर्त्याचे लिंग एकदाही चुकले नाही. १३०० च्या यादीतले १०८० शब्द वाक्यात वापरता येतात. ठरवलेल्या दीडशे तासांपैकी १३१ तास प्रत्यक्षात दिले गेले, आणि त्यांतले किमान पंचवीस, म्हणजे लिपी नव्याने लिहिणे आणि शब्दांच्या याद्या मिळून, टाळता आले असते.

पुढचा धडा 'कतोरी'चा, म्हणजे आपल्या 'जो'चा. लिंग आणि वचन आधीच्या नामाचे, विभक्ती स्वतःच्या वाक्यातली. 'ज्या मित्राला मी पत्र लिहिले, तो आला' हे वाक्य करून पाहिले. 'ज्याला' चतुर्थीत बरोबर आला, 'लिहिले'चे लिंगही बरोबर आले, पण क्रियापद अपूर्ण रूपात गेले. उद्या त्याच वाक्यापासून सुरुवात करणार आहे.